वकीलसाहेबांचं दुसरं बटण

मित्रांनो, तुम्ही ज्या पत्र्याच्या ट्रंकेत वाकून बघत आहात, ते माझं घर. आत निंबाच्या पाल्याखाली घडी घालून ठेवलेला जुना काळा कोट म्हणजे मी. मी म्हातारा आहे आणि भित्रा आहे. भित्रा कसा झालो, ते ऐका.

साताऱ्याच्या रहिमान शिंप्यानं मला चाळीस साली शिवलं, कडेगावच्या हंबीरराव वकिलांसाठी. छातीचं माप घेताना रहिमान म्हणाला, "वकीलसाहेब, जरा दम धरा. तुमचं काळीज माझी पट्टी हलवतंय." मी तेव्हा नुसता तागा होतो, तरी धसका घेतला.

कोर्टात लोक साहेबांना वाघ म्हणत. लोक बाहेरून बघत. मी आतून ऐकत असे. न्यायाधीश नुसते खाकरले तरी माझं अस्तर घामानं भिजायचं. मग साहेबांची बोटं माझं वरून दुसरं बटण धरत, पिरगाळत, आणि शब्द सुटत. बटण सारखं तुटे. त्यांच्या पत्नी चंद्राबाई ते दुहेरी दोऱ्यानं लावत आणि म्हणत, "वकिलापरीस बटनच लय राबतंय!"

त्रेचाळीस साली बिराप्पा धनगरावर खटला झाला. भूमिगत माणसाला त्यानं मेंढरांच्या वाड्यात लपवलं, असा आरोप. जो वकील उभा राहील तोच उद्या आत जाईल, अशी हवा होती. साहेब उभे राहिले. कोट वकिलाला हलवतोय की वकील कोटाला, हेच मला कळेना. ते बोलले, बिराप्पा सुटला आणि बटण हातात आलं.

त्या एका भाषणावर साहेब पुढारी झाले. सत्तेचाळीस साली शेजारच्या लहान संस्थानात प्रजेचं मंत्रिमंडळ आलं, त्यात मंत्री झाले. मंत्र्याला खादी आली. माझं कापड विलायती, म्हणून मला ट्रंक. कोणी म्हणे, होळीत टाका. कोणी म्हणे, शाळूच्या रानात बुजगावण्याला घाला. जन्मभर भ्यालेल्यानं आता पाखरांना भिववायचं!

एके सकाळी बिराप्पा धापा टाकत आला. "आवं साहेब, राजेसाहेबांच्या पाव्हण्यास्नी शिकारीला आमचा माळ पायजे म्हनं. मेंढरं काय आभाळात चारू?"

माळ संस्थानच्या हद्दीत. त्याचा निकाल त्याच दुपारी, दरबारात, राजेसाहेबांच्या समोर होता. "बघतो," साहेब म्हणाले. मंत्री झाल्यापासून ते एवढंच म्हणत. पण त्यांची बोटं सदऱ्यावर काहीतरी शोधत होती. तिथं कापडी गुंड्या. धरल्या की निसटत.

चंद्राबाईंनी ट्रंक उघडली. हातात कात्री! झाली आपली फडकी, असं वाटून माझा धागा न् धागा थरारला. त्यांनी फक्त दुसरं बटण कापलं आणि साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लावलं.

"वैनी, ह्ये दिसतंय कसं?" बिराप्पा म्हणाला.

"दिसू दे. धराय हाय न्हवं?"

दरबार मी पाहिला नाही. सारी दुपार अंधारात कान टवकारून पडलो. दिवेलागणीला पावलं वाजली. "माळ ऱ्हायला, वैनी!" बिराप्पाच ओरडला. "समदे मान खाली घालून बसल्यालं. आमचं साहेब तेवढं 'न्हाई' म्हनलं!"

साहेबांनी माझं झाकण उघडलं. त्यांच्या सदऱ्यावर बटण एका दोऱ्यानं लोंबत होतं. चंद्राबाईंनी सुई ओवली.

पुढच्या आठवड्यात सगळ्या कार्यकर्त्यांच्या सदऱ्यांवर एकेक काळं बटण आलं. कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. वर्षभरात संस्थान विलीन झालं, त्याबरोबर मंत्रिपदही गेलं. माझं बटण मात्र माझ्याकडे परत आलं नाही. ते सदऱ्यावरच राहिलं.

तर मित्रांनो, जुन्या कपड्याला कात्री लावण्याआधी त्याला एकदा ऊन दाखवा. आणि छाती काढून बोलणाऱ्या माणसाची बोटं बघा. ती काही चाचपत असतील, तर हसू नका. धरायला काहीतरी द्या.

आता झाकण लावा. हळू लावा. मी दचकतो.