कापून टाकलेला आवाज

टक्.

थोडं थांबून पुन्हा टक्.

दुपारच्या शांत घरात हेमांगी दचकली. लेक रोशनी आत्ताच कुठे झोपली होती. हेमांगीने आधी नळ पाहिला, मग पंखा. शेवटी टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरला कान लावला आणि तशीच बसून राहिली.

मित्रांनो, तो आवाज माझा होता. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझ्या पोटात एक चकती फिरते. तिच्यावर लोकांची लग्नं लिहिलेली असतात. ती अडखळायला लागली, की असा आवाज होतो.

मी जन्मले कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात, पण माझं आयुष्य गेलं विरारजवळच्या आगाशीतल्या या छोट्याशा खोलीत. रोशनीचे पप्पा कल्पेश लग्नाचं शूटिंग करायचे. आगाशी, अर्नाळा, पार वालीवपर्यंत. आणलेलं सगळं ते माझ्यात ओतायचे आणि मग हेमांगी शेजारी बसून त्यातलं नको ते कापायची. सगळ्यात आधी काय कापायचं, ते ठरलेलं होतं. शूटिंग करणाऱ्याचा आवाज. "आये, इकरं बघ," "नवरीबाय, हस की जरा," असं कल्पेश कॅमेऱ्यामागून सारखे बोलायचे. ते काढून तिथे गाणं घालायचं. लोक व्हिडिओ बघून खूश व्हायचे. माझंही कौतुक व्हायचं. "हिच्यात अख्खा गाव मावलाय," कल्पेश म्हणायचे.

पण मी काही समुद्र नव्हते. लग्नसराईत माझ्यात जागा उरायची नाही. मग कल्पेश घरचं पुसायचे. गिऱ्हाइकाचं कधीच नाही. रोशनीचं बारसं त्यांनी मोठ्या हौसेने काढलं होतं. पाळण्यावर वाकून किती वेळ तिच्याशी बोलत होते. एका सराईत तेही पुसलं.

"अहो, बारसं आहे ते!" हेमांगी म्हणाली.

"आपलीच तर पोर आहे. पुन्हा काढू की. हिला काय, रोज काढता येईल."

त्या जागेवर कुणाची तरी वरात बसली. मोबाईलवर व्हिडिओ काढायचा तर कल्पेशना कमीपणा वाटायचा. घरात मोठा कॅमेरा असताना मोबाईल कशाला? पण कामावरून मोठा कॅमेरा घरी आला, की थकून कपाटात जायचा.

गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि कल्पेश गेले. खोलीला कुलूप लागलं. माझ्यावर धूळ बसत गेली. परवा हेमांगीने कुलूप काढलं. अर्धवट राहिलेली लग्नं तिला पुरी करायची होती. आणि माझी टकटक सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरमधून काढून, पिशवीत घालून तिने मला विरारला वॉल्टरच्या दुकानात नेलं. तो कॉम्प्युटर जोडून देतो. कल्पेशचा जुना दोस्त.

"वहिनी, एडिटिंगला प्रोसेसर दमदार पाहिजे, रॅम भरपूर. चालू काम एसएसडीवर ठेवायचं, ती पळते. जुनं सगळं साध्या हार्ड डिस्कवर. आणि ग्राफिक्स कार्ड हे घ्या, मोठं."

"हार्ड डिस्क दोन दे. मोठ्यातल्या मोठ्या. दोन्हीत तेच ठेवीन. एक गेली तर दुसरी."

"मग कार्ड लहान घ्यावं लागेल. व्हिडिओ तयार व्हायला वेळ लागेल हां. चहा करून प्याल तरी संपणार नाही."

"दोनदा करीन चहा."

वॉल्टर हसला. "एवढं ठेवायचंय काय पण? गिऱ्हाइकांना व्हिडिओ दिलेत ना? कच्चं, न कापलेलं फुटेज म्हणजे भंगार, वहिनी."

"त्या भंगारात ह्यांचा आवाज आहे," हेमांगी म्हणाली.

वॉल्टरने मोठं कार्ड गुपचूप कपाटात परत ठेवलं. नंतर मला तारेने जोडून, कान लावून तो म्हणाला, "हिला आता दमवू नका. एकदाच, जेवढं निघेल तेवढं काढून घ्या."

आज मी नव्या कॉम्प्युटरला जोडलेली आहे. बरंच काही माझ्यातून निघालंच नाही. मित्रांनो, आम्ही यंत्रं शेवटी झिजतोच. म्हणून जे पुन्हा घडणार नाही, ते एकाच जागी ठेवू नका. आणि जागा कमी पडली, तर घरच्या माणसांना आधी पुसू नका.

अर्नाळ्याची एक हळद मात्र अख्खी निघाली. पडद्यावर एक म्हातारी दिसली. मागून कल्पेशचा आवाज आला, "आये, इकरं बघ!"

"मेल्या, आधी दोन घास खा, मग काढ माझा फोटू!"

कल्पेश हसले. चित्र हललं. हेमांगीने तोंडावर पदर धरला.

आवाजाने रोशनी उठून आली आणि आईच्या मांडीत बसली. तिने एकामागून एक माणसं पाहिली. नवरी, करवल्या, शेजारची पोरं. पप्पा प्रत्येकाला हाक मारत होते.

"माझं लाव ना," ती म्हणाली.

हेमांगीने 'रोशनी बारसं' नावाचं फोल्डर उघडलं. नाव होतं, आत काही नव्हतं. तिने ते बंद केलं, पुन्हा उघडलं. मी पुन्हा एकदा टक् केलं. मला तेवढंच करता येत होतं.

रोशनीने आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, पप्पा सगळ्यांना इकरं बघ म्हणतात. मला का नाही म्हणाले?"