हाताला न लागणारी भिंत

त्या एका सांध्याने गेलनला रडकुंडीला आणलं होतं. मिनेसोटाच्या थंडीत तीन शनिवार-रविवार घालवून त्याने आईच्या पॅसेजमधल्या काळपट लाकडी पॅनेलवर पातळ जिप्सम बोर्ड ठोकले होते. बापाने पन्नास वर्षांपूर्वी बसवलेलं ते पॅनेल जागोजागी पोक काढून बसलेलं. त्यावर काही सरळ बसेल तर शपथ. तरी बोर्डांमधले बाकीचे सांधे त्याने पुट्टी भरून असे घासले, की बोट फिरवून कळू नयेत. बाथरूमच्या दाराआधीचा हा मात्र तिसऱ्यांदा पुट्टी भरूनही फुगलेलाच.

सगळा खटाटोप आईसाठी. चौऱ्याऐंशीच्या आर्डिसला आता जेमतेम उजेड-अंधार कळे. डॉक्टर म्हणाले, भिंती पांढऱ्या करा. बहीण म्हणाली, आई पुन्हा पडली तर मी तिला वृद्धाश्रमात ठेवणार.

"चल आई, आज एकटी जाऊन दाखव बघू बाथरूमपर्यंत."

आर्डिस स्वयंपाकघरातून निघाली. भिंतीवर तळवा टेकवला, चार पावलं चालली आणि थबकली.

"भिंत कुठे गेली रे?"

"तिच्यावरच हात आहे तुझा!"

"ही कसली भिंत? हाताला काही लागतच नाही. त्या लाकडाला उभ्या खाचा होत्या. अकरा मोजल्या की बाथरूम. रोज मोजायचे मी."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कधी? आलास तो हातोडा घेऊनच!"

गेलनचं डोकंच फिरलं. तीन आठवडे नाकातोंडात धूळ, कंबरेचा भुगा, आणि एवढं करून त्याने आईची वाटच बुजवली होती. सगळं उचकटून बाहेर बर्फात फेकावं असं त्याला वाटलं. संताप आईवर होता की स्वतःवर, हे त्यालाही धड कळेना.

आर्डिस भिंत चाचपत तशीच पुढे सरकली. एकाएकी तिची बोटं थांबली.

"इथे काय आहे?"

"बिघडलंय ते. आत्ता घासून टाकतो."

"हात तर लावून बघ!" ती करवादली. त्या फुगवट्यावर तिने दोनदा अंगठा फिरवला, डावीकडे वळली आणि थेट बाथरूममध्ये शिरली. आतून कडी लागली.

गेलन पॉलिश पेपर हातात धरून उभाच राहिला.

"गेलन," आतून आवाज आला, "स्वयंपाकघराच्या दाराशीही असाच एक बिघडवून ठेव."

स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन त्याने पुट्टीचा डबा उघडला. इतका साधलेला सांधा बिघडवायला हात धजेना. तरी त्याने डोळे मिटून तिथे बोटं फिरवली आणि पुट्टी थापली.