नानकटाईच्या डब्यातला रेडिओ

मित्रांनो, माझ्या झाकणावर गुलाबाचं चित्र आहे आणि त्याखाली ‘शुद्ध तुपातील नानकटाई’ असं छापलेलं आहे. ते वाचून पुष्कळ पाहुण्यांनी मला मोठ्या आशेने उघडलं आणि हिरमुसून बंद केलं. नानकटाई केव्हाच संपली. आता आत मी राहतो. मी रेडिओ आहे, पण गाणी लावून बसणारा नव्हे. माझ्यातून ऐकूही येतं आणि बोलताही येतं. परवाना काढलेली हौशी माणसं माझ्यासारख्या यंत्रांवरून गावोगावी एकमेकांशी गप्पा मारतात. त्यासाठी मोबाइलचा टॉवर लागत नाही.

फक्त माणसाने तोंड उघडावं लागतं. माझं सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

माझा जन्म नाशिकला, वडाळा नाक्याजवळच्या एका घरात, गच्चीवरच्या खोलीत झाला. कंपनीचे तयार सेट फार महाग असतात, म्हणून ही मंडळी सुट्या भागांचे स्वस्त संच मागवतात आणि घरीच जोडतात. मीही असाच एका पाकिटातून आलो. सर्किटची एक हिरवी पट्टी आणि मूठभर किडूकमिडूक, एवढाच माझा संसार होता. मला जोडलं अमिनाबाईंनी. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी परीक्षा देऊन परवाना मिळवला आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून एकेक भाग माझ्या अंगावर सोल्डर केला. हात इतका हलका की मला चटका बसल्याचं आठवत नाही.

खालच्या मजल्यावर त्यांचे पती नजीरभाई यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पिंपळगावकडचे शेतकरी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी टेम्पोत घालून आणतात आणि नजीरभाई त्यांना नवी तार भरून देतात. त्यातलीच उरलेली तांब्याची तार माझ्या कॉइलींना मिळाली. ती गुंडाळायला तयार कडी आणायची तर पुन्हा खर्च. बाईंनी नळाचे वायसर पुढे केले. नजीरभाईंनी त्यावर असे सुबक वेढे घातले की मला स्वतःचाच अभिमान वाटला. पण सवय कुठे जाते? दुकानात प्रत्येक मोटारीची गुंडाळी वार्निशमध्ये बुडवतात, तशी त्यांनी माझी मुख्य कॉइलही बुडवली आणि उन्हात वाळत ठेवली. वार्निश वाळलं आणि माझी सगळी स्टेशनं आपापल्या जागेवरून सरकली.

“अहो, याला विहिरीत सोडायचं नाहीये!” बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या.

“पक्कं काम केलं, त्यातही माझंच चुकलं,” नजीरभाई पुटपुटले. मग दोघांनी मिळून वेढे सोडवले, घातले, पुन्हा सोडवले. मी ताळ्यावर आलो तेव्हा दोघांची बोटं काळी झाली होती आणि दोघं हसत होती.

गच्चीवर पेठहून आणलेला बांबू उभा राहिला, त्यावरून तार ताणली गेली. पहिल्यांदा माझ्यातून नुसती खरखर आली आणि मग त्या खरखरीतून एक माणूस बोलला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर मला लावायचा रिवाज पडला. त्या वेळी आसपासचे हौशी लोक रेडिओवर एकत्र जमतात. कोणीतरी एक जण हजेरी घेतो, बाकीचे आपलं सांकेतिक नाव सांगतात, हवापाण्याच्या चार गोष्टी बोलतात आणि कामाला जातात. शेवटी हजेरी घेणारा विचारतो, “आणखी कोणी आहे का?”

मित्रांनो, या प्रश्नाला बाईंचा अंगठा रोज माईकच्या बटणापर्यंत जायचा आणि रोज परत यायचा.

एके काळी त्यांच्या एका हाकेवर शाळेचं मैदान शांत व्हायचं. सकाळची प्रतिज्ञा त्याच सांगायच्या, तीही लाउडस्पीकरशिवाय. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. उरला तो घोगरा, फाटका, मध्येच बसणारा. कुरिअरवाला फोनवर म्हणाला, “सर, पार्सल आलंय, खाली या.” बाईंनी फोन नजीरभाईंकडे दिला आणि त्यानंतर फोनवर बोलणंच सोडलं. अगदी माहेरच्यांशीसुद्धा. मला त्यांनी जीव लावला तो यासाठीच. माझ्यातून आपला आवाज पुन्हा लोकांपर्यंत जावा, ही त्यांची फार इच्छा होती आणि त्याचीच त्यांना फार भीती होती.

मग सुरू झाल्या माझ्या सुधारणा! “हा माईक बदलून बघते, आवाज जरा गोड येईल, मग बोलेन.” माईक बदलला. “जाडपणा कमी करायला हवा.” आणखी एक भाग काढला, दुसरा घातला. मध्येच आवाज गोड करायला एक छोटी जादा पट्टी आली, ती पोटात मावेना म्हणून डब्याच्या बाजूला भोक पडलं. माझे स्क्रू उघडून उघडून गुळगुळीत झाले. सुधारणा मला नको होती असं नाही. काही सुधारणांनी माझी खरखर खरंच कमी झाली, ते मी मान्य करतो. पण पाहुणे येणार म्हणून घर आवरत राहायचं आणि दार उघडायचंच नाही, याला काय म्हणावं?

“अमिना, हे तू बोलायला बनवलंस का खोलायला?” नजीरभाईंनी एकदा विचारलं.

“झालंच. एवढा एक बदल केला की झालं.”

दोष माझ्यात नव्हता. बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्या तो माझ्यात शोधत होत्या. मला त्यांचा राग यायचा आणि लगेच वाईटही वाटायचं.

मग थंडीतली ती सकाळ आली. हजेरी संपून सगळे कामाला गेले होते. माझं झाकण बाजूला पडलं होतं, माईकच्या तारा नव्या बदलासाठी कापून ठेवल्या होत्या. मी नुसता ऐकत होतो. तेवढ्यात एक अनोळखी आवाज आला. घाईघाईचा, पाठ केल्यासारखा.

“सीक्यू, सीक्यू! मी झुंबर, सटाण्याहून. आजच सेट पूर्ण केलाय. कोणी ऐकत असेल तर उत्तर द्या.” सीक्यू म्हणजे कोणीही या, बोला, अशी आमच्या जगातली हाक.

कोणी बोललं नाही. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझा आवाज वाढवला.

त्या माणसाने पुन्हा हाक दिली. थांबला. पुन्हा दिली. मग बटण सोडायचं विसरून तो, तिकडे कोणी आहे का, असं आपल्याच घरच्या अहिराणीत स्वतःशी म्हणाला, “कोनी शे का तठे?” आणि सुस्कारा टाकून पुढे म्हणाला, “माझाच सेट बिघडेल दिसतो. परत सगळा खोलून पाहतो आता. शेवटची हाक देतो अन् बंद करतो.”

बाई ताडकन उभ्या राहिल्या. “अरे नको खोलूस!” त्या माझ्याकडे बघून ओरडल्या, जणू झुंबर माझ्या डब्यातच बसला होता. “तुझा सेट चांगला आहे रे बाबा! मीच गप्प बसलेय!”

पण ते त्याला ऐकू कसं जाणार? माईक कापलेला! सोल्डरिंग आयर्न थंड पडलं होतं. बाईंनी दातांनी तारेवरचं प्लास्टिक सोललं, अगदी पहिला, सगळ्यात स्वस्त माईक उचलला आणि तारांना बोटांनीच पीळ दिला. आवाज गोड करणारी ती पट्टी टेबलावरच राहिली. शेवटची हाक संपली. बाईंनी बटण दाबलं.

टक्! मला ऐकण्यावरून बोलण्यावर नेणारा माझ्या पोटातला रिले वाजला. तो आवाज मी किती दिवस ऐकला नव्हता! माझ्या अंगातून गरम प्रवाह धावला, बांबूवरच्या तारेत चढला आणि बाईंचा घोगरा, फाटका, खराखुरा आवाज नाशिकवरून सटाण्याकडे निघाला. त्यांनी आपलं सांकेतिक नाव सांगितलं. मध्ये आवाज बसला. त्यांनी घसा खाकरून पुन्हा सांगितलं आणि बटण सोडलं.

क्षणभर नुसती खरखर. मग झुंबरचा आवाज आला, आनंदाने चिरकलेला.

“नमस्कार सर! लय बरं वाटलं सर!”

मित्रांनो, मी चरकलो. जो शब्द नको होता तोच आला. पण बाईंना हसू फुटलं, अगदी खांदे हलेपर्यंत. बटण दाबून त्या म्हणाल्या, “सर नाही हो. मी अमिना. शाळेत होते तेव्हा मुलं बाई म्हणायची.”

“माफ करा बाई! पण ते जाऊ द्या, आधी सांगा, माझा आवाज येऊ राहिला का? खरं सांगा हां.”

त्याला बाईंच्या आवाजाचं काहीच पडलं नव्हतं. आपण कोणाला तरी ऐकू जातोय, एवढंच त्याला हवं होतं.

“स्वच्छ येतोय,” बाई म्हणाल्या. “शब्द न् शब्द. सेट अजिबात खोलू नका.”

नजीरभाई जिन्यात उभे होते. किती वेळ ते कोणास ठाऊक. त्यांचे डोळे भरले होते, तरी दुकानदारी थाटात म्हणाले, “मग, आता काय बदलायचं राहिलंय यात?”

“काही नाही. झाकण लावा.”

दुसऱ्या दिवशी हजेरीत “आणखी कोणी आहे का?” असं विचारल्यावर मी टक् वाजलो. हल्ली तर बाईंना आवरा म्हणायची वेळ येते. फोनही त्याच घेतात. परवा कुरिअरवाला पुन्हा “सर” म्हणाला, तेव्हा त्या म्हणाल्या, “सर नाही, बाई. या वर, रेडिओ दाखवते.”

माझ्यासारख्या यंत्रांना तुम्ही पुसता, धुळीपासून जपता, हे बरंच आहे. पण मित्रांनो, आम्हाला खरं जपायचं असेल तर आमच्यातून बोला. आवाज कसाही असू द्या. तिकडे कोणीतरी एकटाच हाक देत असतो, आणि उत्तर आलं नाही की आपलंच काही बिघडलं असं समजून स्वतःला खोलायला बसतो. त्याच्या आधी एकदा बटण दाबा.