मेटलच्या कार्यक्रमाला केसरीनाथ

हेमालीला नेमका त्याच आठवड्यात डेंग्यू झाला आणि सगळं बिनसायला तिथून सुरुवात झाली. हेमाली मृणालीच्याच शाळेत विज्ञान शिकवायची, आणि अख्ख्या भिवंडीत मृणालीसारखी हेवी मेटल ऐकणारी बाई ती एकटीच. दोघींनी सहा महिने आधी तिकिटं काढून ठेवली होती. आता हेमालीचं तिकीट कुणाला तरी देऊन टाकते, असं मृणाली रात्री जेवताना म्हणाली, तर तिच्या नवऱ्याने, केसरीनाथने, ताटातून मान वर न करता सांगितलं की वाया कशाला घालवायचं, मी येतो.

एकवीस वर्षांच्या संसारात तो बायकोबरोबर एका सिनेमालाही धड शेवटपर्यंत बसला नव्हता. पण केसरीनाथ एकदा बोलला की बोलला.

मृणालीचा भाऊ भाविक पूर्वी जहाजावर होता. ती सतरा वर्षांची असताना त्याने तिला एका स्वीडिश बँडची कॅसेट आणून दिली, आणि तेव्हापासून ते खर्जातलं ओरडणं तिच्या कानात घर करून बसलं. लग्न होऊन कशेळीला आली तरी ते सुटलं नाही. भाकऱ्या थापताना कानात ते चालू असायचं. सासूबाईंची, गोदूबाईंची, समजूत अशी की सून कीर्तन ऐकते. मृणालीने ती समजूत कधी मोडली नाही. आणि तोच बँड आता पहिल्यांदा भारतात यायचा होता, तोही कुठे, तर गोदामांच्या रांगांपलीकडे हायवेला नवीन बांधलेल्या हॉलमध्ये. घरापासून सहा किलोमीटर.

कार्यक्रम चारला होता. मृणाली दोन वाजता काळा टी-शर्ट घालून तयार झाली. केसरीनाथ पावणेतीनला आंघोळीला गेला आणि बाहेर आला तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि गळ्यात बोटाएवढी जाड चेन घालून. तिने म्हटलं, काहीतरी गडद घाला. तो म्हणाला, चांगल्या कामाला जाताना काळं घालत नाहीत. मग नाक्यावर ग्रामपंचायतीचा एक सदस्य दिसला म्हणून गाडी थांबवली, आणि गोदामाच्या रस्त्याचं बोलणं काढलं. मृणाली गाडीत बसून घड्याळ बघत राहिली. पुढे कंटेनरची रांग लागली. सहा किलोमीटरला सव्वा तास लागला. पुण्या-नाशिकहून निघालेली पोरं यांच्या आधी आत जाऊन पोचली होती.

गेटवर तपासणीत केसरीनाथच्या खिशातून तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी निघाली. हे आत चालणार नाही, असं गार्डने सांगितलं. त्यावर वाद झाला. वादातून असं निघालं की गार्ड जवळच्या दिघाशी गावचा, नाव दर्शन, आणि त्याचा मामा केसरीनाथच्या चांगल्या ओळखीचा. मग मामाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी सुरू झाली. आत ड्रम वाजायला लागले होते. पहिलं गाणं मृणालीने भिंतीला हात लावून बाहेरूनच ऐकलं. भिंत थरथरत होती.

आत गेल्यावर केसरीनाथने आधी कानात बोटं घातली. मग फोन आला, तेव्हा एक बोट काढून तो फोनवर ओरडू लागला. मग त्याने गोदूबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन डोक्यावर धरून सगळीकडे फिरवला. केस मोकळे सोडून माना घुमवणारी हजारो पोरं बघून म्हातारीने काहीतरी विचारलं, ते त्याने मृणालीच्या कानाला तोंड लावून सांगितलं, "आई इचारते, येवढ्या जणांच्या अंगात एकदम कसं आलं?"

दर गाणं संपलं की तो तिच्या दंडाला हात लावून विचारायचा, झालं ना, निघू या का. चौथ्यांदा विचारलं तेव्हा ती त्याच्याकडे वळली.

"एकवीस वर्षं तुमच्या घरच्या हळदींना मी डीजेपुढे उभी राहिले," ती म्हणाली. "तुमच्या चुलत्यांच्या, त्यांच्या पोरांच्या. एकदा तरी निघू या म्हटलं?"

"ती आपली मानसं हायेत."

"ही माझी आहेत," मृणाली म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण तिथल्या एकालाही ती ओळखत नव्हती.

केसरीनाथने फोन खिशात टाकला. मग, मी भायेर हाय, असं म्हणून तो गर्दीतून निघाला. पांढरा शर्ट बघून पोरं आदराने वाट देत होती. मृणालीला अर्धं मिनिट वाईट वाटलं. मग तेही वाटेनासं झालं.

ज्या गाण्यासाठी ती आली होती, त्याचे पहिले गिटारचे सूर निघाले आणि खिशातला फोन थरथरला. 'बाहेर ये. पाय मुरगळला.' तिने ते दोनदा वाचलं. हा माणूस साधी ठेच लागली तरी घर डोक्यावर घ्यायचा. पण खरंच मुरगळला असेल तर? गाणं अकरा मिनिटांचं होतं. तिने फोन खिशात ठेवला.

त्या अकरा मिनिटांत ती गळ्याच्या शिरा ताणून ओरडली. सासरच्या घरात तिने इतक्या वर्षांत आवाज चढवला नव्हता. स्वयंपाकघरातून हाक मारायची तरी आधी दारापर्यंत जायची. मध्येच एकदा तिला त्याचा पाय आठवला, आणि तो आठवला याचा इतका राग आला, की पुढची ओळ तिने आणखी जोरात म्हटली.

गाणं संपल्यावर ती बाहेर आली. प्रथमोपचाराच्या टेबलाशी केसरीनाथ खुर्चीत बसला होता, पायाला पट्टी, पांढऱ्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल. पाय खरंच सुजला होता. बाजूला दर्शन पाण्याची बाटली धरून उभा होता. जनरेटरच्या केबलीत पाय अडकून साहेब पडले, असं त्याने सांगितलं.

"मेसेज पोचला न्हाय?" केसरीनाथने विचारलं.

रेंज नव्हती, असं म्हणणं सोपं होतं. "पोचला," ती म्हणाली. "वाचला पण. गाणं संपल्यावर आले."

त्याने पायाच्या पट्टीवरून हात फिरवला. "किती मोठं गानं व्हतं?"

"अकरा मिनिटं."

"मना वाटलं तीन गानी झाली."

एवढंच बोलून त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लंगडत उठला. कार्यक्रमाची अजून दोन गाणी बाकी होती. हे ती त्याला म्हणाली नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

ही गाडी त्याने तिच्या हाती कधी दिली नव्हती. आज द्यावी लागली. हायवेला कंटेनर तसेच अडकून पडले होते. केसरीनाथने काच खाली केली आणि शेजारच्या ट्रकवाल्याला, पीछे ले भाई, थोडा और पीछे, असं सांगायला सुरुवात केली. ट्रकवाल्याला मागे सरकायला जागाच नव्हती. मृणालीला त्याला गप्प करायचं होतं, पण तिचा आवाज बसला होता.

थोड्या वेळाने तो आपणहून गप्प झाला. "त्या लांब गान्यात तो काय बोलत व्हता?"

तिने घसा खाकरला. एक माणूस धुक्यात होडी वल्हवत घरी येतो, पण त्याला स्वतःचं घर ओळखू येत नाही, असं तिने तुटक तुटक, घोगऱ्या आवाजात सांगितलं.

केसरीनाथने काच वर घेतली. "मंग त्याला येवढं वरडायचं कशाला?"

मृणालीने गियर टाकला. गाडी चार हात पुढे जाऊन थांबली.