जेरुशाबाईंच्या दिवाणखान्यातला निसरडा सोफा

मित्रांनो, माझ्यावर बसायचं असेल तर आधी पाय जमिनीवर घट्ट रोवा. मग निवांत ऐका. मी सोफा आहे, जुना, अक्रोडाच्या लाकडाचा. अंगावर घोड्याच्या केसांचं काळं, चकचकीत कापड. हडसन नदीकाठच्या एका सुतारानं मला घडवलं. हातांवर द्राक्षांचे घोस कोरले, पाठीवर गुलाब कोरले, पण बसायची जागा जराशी पुढं उतरती राहिली. त्याच्या मुलीचं लग्न होतं, त्या गडबडीत राहिली. त्या एवढ्याशा उतारानं पुढं दुसऱ्यांची किती लग्नं मोडली, हे त्या बिचाऱ्याला कधीच कळलं नाही.

मला विकत घेतलं न्यूयॉर्कच्या जेरुशा ओंडरडोंकबाईंनी. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. विटांचं तिमजली घर होतं, घरात नोरा नावाची स्वयंपाकीण होती आणि आईबापाविना वाढलेली भाची होती, आल्मायरा. बाईंनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं: आत्याच्या पसंतीनं लग्न केलंस तर घर तुझं, नाहीतर ऑल्बनीला राहणाऱ्या चुलतभावाचं. त्या चुलतभावाला बाई स्वतः "बोकड" म्हणायच्या.

आणि पसंतीची परीक्षा कोण घ्यायचं? मी! बाई समोर लाकडी खुर्चीत ताठ बसायच्या, आणि आलेलं स्थळ माझ्यावर.

"जो सोफ्यावर टिकत नाही तो संसारात काय टिकणार," असं बाईंचं म्हणणं.

नोरा मला रोज मेण लावून घासायची. मग कोण टिकणार? एक जहाजवाला बोलता बोलता गुडघ्यांवर आला. एका वकिलानं माझे घोस धरून ठेवले. घोस तुटला, वकील गेला. जो तो म्हणायचा, "वा, काय सुरेख सोफा!" आणि पुढच्या क्षणी गालिच्यावर.

ईनॉक टटल हा घड्याळं दुरुस्त करणारा तरुण तर एका नवीन वर्षाच्या दिवशी असा घसरला, की चहाच्या टेबलाखालून टेबलक्लॉथसकट पलीकडे निघाला. पण आल्मायराचा जीव जडला होता तो नेमका ह्याच्यावर.

एकदा नोरा तिला म्हणाली, "पळून जा की गं सरळ. घर गेलं तर गेलं."

"घराचं काही नाही गं," आल्मायरा म्हणाली. "पण आत्याही जाईल ना."

मग आला पुढचा नवीन वर्षाचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे बायका घरी बसायच्या आणि पुरुष घरोघर हिंडायचे. दहा मिनिटं बसायचं, पंच नावाचं लिंबू घातलेलं पेय पेलाभर, केकचा तुकडा, की पुढचं घर. बाईंनी जाहीर केलं, "आज जो टिकेल तो पसंत. उद्या वकिलाला बोलावते."

सकाळी आल्मायरा वाटी घेऊन आली. वाटीत काकवी! माझ्या डाव्या कोपऱ्यात तिनं ती नीट सारवली आणि नोराला म्हणाली, "ईनॉकला बरोबर बाराला बोलावलंय. इथंच बसवायचं." मित्रांनो, मला गुदगुल्या झाल्या. मुंग्यांची भीतीही वाटली, पण हिवाळा होता.

बारा वाजले. ईनॉक नाही. घड्याळजीलाच उशीर! ज्या घरी जावं तिथं लोक म्हणत, "आलाच आहात तर आमचं बंद घड्याळ बघता का?" आणि ह्या भल्या माणसाला नाही म्हणता येईना.

आला तो दुसराच एक उमेदवार, ल्यूशियस पेल. नवा कोट, नवी विजार, मिशांना तेल. आल्मायरा "तिकडे नको, इकडे," म्हणेपर्यंत तो डाव्या कोपऱ्यात बसलासुद्धा.

दहा मिनिटं झाली. पेल हलेना. वीस झाली.

बाई चष्म्यातून बघत राहिल्या. "तसूभरही नाही सरकला. आल्मायरा, ह्याला म्हणतात माणूस."

आल्मायराचा चेहरा पंचातल्या लिंबाच्या फोडीसारखा झाला. तेवढ्यात ईनॉक धापा टाकत आला, उजव्या कोपऱ्यात टेकला आणि सर्रकन खाली. हातातला केक मात्र त्यानं पडू दिला नाही.

"ह्या वर्षी टेबल वाचलं," तो खालूनच म्हणाला. "मी इथंच बसतो. पुन्हा वर चढून काय उपयोग."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मिस्टर पेल, माझं ठरलं. उद्या वकील—"

घड्याळात एकचा ठोका पडला. पेल दचकला. "माफ करा, मला अजून एकोणीस घरी..." म्हणत त्यानं उसळी मारली. चर्रर्र! पेल उठला, पण कोटाची शेपटी आणि विजारीचा मागचा भाग माझ्यापाशीच राहिला. त्यानं टोपी मागं धरली आणि सगळ्यांना वाकून नमस्कार करत, उलट्या पावलांनी थेट रस्त्यापर्यंत गेला.

शेपटीच्या खिशातून एक कागद डोकावत होता. बाईंनी तो ओढून मोठ्यानं वाचला. "'ओंडरडोंक. घर विटांचं. वारस भाची एकटीच. आत्याला खोकला. फार तर दोन हिवाळे.'"

बाईंना बसायला हवं होतं. खुर्ची लांब होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्यावर बसल्या, उजव्या कोपऱ्यात, रेशमी झग्यात.

मित्रांनो, मी फार प्रयत्न केला हो. पण उतार तो उतार. बाई थेट ईनॉकशेजारी!

ईनॉकनं अर्धा केक पुढं केला.

"हे... नेहमी असंच होतं?" बाईंनी विचारलं.

"हो, मिस ओंडरडोंक. सगळ्यांचंच."

"आणि बावीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्हाला कोण सांगणार, बाईसाहेब?" दारातून नोरा म्हणाली. "मला नोकरी हवी होती."

"आणि त्या मेल्याच्या बुडाखाली काय होतं?"

आल्मायरा गालिच्याकडे बघत म्हणाली, "काकवी. ह्याच्यासाठी लावली होती, आत्या."

बाईंचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं, खोकला आला. पण ते हसू होतं. डोळ्यांत पाणी येईतो हसल्या आणि मग म्हणाल्या, "टटल, मला उठव. नको, थांब. आधी हा केक संपवू. आणि आल्मायरा, वकिलाला उद्या बोलवायचंच आहे. नवऱ्याचं नाव तेवढं बदल."

वसंतात लग्न झालं. जेरुशाबाई त्या खोकल्यासकट आणखी अकरा हिवाळे जगल्या. घर आल्मायराला मिळालं. मृत्युपत्रात शेवटी एक ओळ निघाली: "सोफा ईनॉक टटलला, कारण त्याच्यावरून सगळ्यात प्रामाणिकपणे तोच घसरला."

आता मी वरच्या मजल्यावर असतो. गुलाबांची टोकं झिजलीत, एक घोस तुटका आहे, डावा कोपरा उन्हाळ्यात अजून चिकटतो. मध्ये कुणीतरी म्हणालं, ह्याला मखमल चढवू या. नका हो चढवू. फाटलेलं शिवा, सैल झालेला पाय ठोका, एवढीच काळजी घ्या माझी. आणि दुसऱ्याला जिथं बसवून पारखता, तिथं आधी एकदा स्वतः बसून बघा.

चला, आल्मायराची नातवंडं जिना चढतायत. पाचही जणं, घसरायला. नोरानं शिकवलं तसं मेण आता तीच लावतात.