वरच्या खोलीतली डेलिया

“त्याला वरचीच खोली हवी,” पाहुण्यांची व्यवस्था बघणारा कॅथल म्हणाला. “खाली चांगली हीटरवाली मोठी खोली देतो म्हटलं, तर नको म्हणतो. एकटाच आहे, साठी उलटलेला. डिम्प्ना, गरम पाण्याची पिशवी एक जास्त ठेवा हं. गारठून गेला तर अजून एक भूत सांभाळावं लागेल आपल्याला.”

“एकीला सांभाळताना माझे गुडघे गेले,” डिम्प्ना म्हणाली आणि चादरी काखेत मारून जिना चढू लागली.

किलब्रॅकन किल्ल्याच्या बुरुजाला ब्याऐंशी पायऱ्या होत्या. चौसष्टाव्या वर्षी ती मध्ये दोनदा थांबत असे. आज दुसऱ्यांदा थांबली ती भिंतीतल्या अरुंद फटीपाशी, वारा बघायला. वारा पश्चिमेचा होता आणि वाढत होता. म्हणजे आज रात्री खिडकी वाजणार.

ती कशाने वाजते हे डिम्प्नाला चांगले ठाऊक होते. खिडकी वर-खाली सरकावी म्हणून चौकटीच्या पोकळीत दोरीला एक लोखंडी वजन टांगलेले असे. पश्चिमेचा वारा जोरात आला की ते लाकडावर आपटे. टक, टक, मग थोडे थांबून पुन्हा टक. एकदा एक सुतार म्हणाला होता, आत नमद्याचा तुकडा कोंबतो, आवाज बंद होईल. किल्ल्याचे मालक मेजरसाहेब तेव्हा जिवंत होते. “हात लावशील तर बघ,” ते म्हणाले होते. त्या टकटकीसाठी लोक बॉस्टनहून येत.

भूत डिम्प्नाने आणलेले होते.

मेजरसाहेबांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली त्या पहिल्याच उन्हाळ्यात, न्याहारीच्या टेबलावर एका अमेरिकन बाईने विचारले, “इथं भूत असेलच ना?” मेजरसाहेबांचा चेहरा पडला. किल्ल्याला कधीकाळी पडलेल्या वेढ्यात नऊ माणसे मेली होती, पण परत यायची तसदी एकानेही घेतली नव्हती. डिम्प्ना कॉफी ओतत होती. साहेबांची कीव आली म्हणून म्हणा, की सगळ्यांनी एकदा आपल्याकडे बघावे असे वाटले म्हणून, ती म्हणाली, “वरच्या खोलीत आहे एक.”

मग सांगावे लागले. भूत म्हटले की कोणीतरी मेलेले हवे, आणि त्या खोलीत मेलेली तिला माहीत असलेली एकच होती. डेलिया गिल्डे. स्वयंपाकघरात तिच्याच शेजारी उभी राहून भांडी घासणारी, बावीस वर्षांची, न्यूमोनियाने गेलेली. पण नुसते मरून भूत होत नाही. मागे राहायला कारण लागते. तेही डिम्प्नाने तिथल्या तिथे घडवले. आयर्लंडच्या या मेयो भागात घरोघर रीत आहे, माणूस गेला की खिडकी उघडायची, जिवाला वाट द्यायची, आणि दोन तासांनी पुन्हा लावून घ्यायची. डिम्प्ना म्हणाली, त्या पोरीसाठी कोणी खिडकी उघडलीच नाही. म्हणून ती अजून आतून ठोठावते.

अमेरिकन बाईच्या हातातला चमचा खाली पडला. मेजरसाहेबांनी डिम्प्नाकडे असे पाहिले, की तसे त्यांनी आधी कधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. पुढच्या वर्षी ती गोष्ट माहितीपत्रकात छापून आली. नाव घातलेले नव्हते, पण गावात कोणाला सांगायला लागणार? डेलियाची आई, गिल्डेंची म्हातारी, रविवारी चर्चमध्ये डिम्प्नाच्या बाकावर बसायची बंद झाली. एक शब्द बोलली नाही. ती वारली तेव्हा डिम्प्ना अंत्यविधीला मागच्या रांगेत उभी राहून घरी आली. आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला पाहुण्यांना गोष्ट सांगितली. एकतीस वर्षे सांगत होती.

त्या संध्याकाळी शेकोटीभोवती आठ माणसे होती. टर्फचे, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचे, ठोकळे धुमसत होते. तिने नेहमीसारखा आवाज खाली आणला. वरच्या खोलीतल्या आजारी मुलीपर्यंत आली, की ऐकणारे न चुकता छताकडे बघत. सात जणांनी पाहिले. आठवा, मागच्या खुर्चीतला, आपल्या हातांकडे बघत होता. गुडघ्यावरची ओली टोपी तो गोल गोल फिरवत होता. डोक्यावर केस राहिले नव्हते, त्यामुळे कान जास्तच बाहेर आलेले दिसत होते.

गिल्डेंचे कान. डिम्प्नाची गोष्ट मध्येच तुटली.

“मग?” एक पोरगी म्हणाली.

“मग... कोणी खिडकी उघडली नाही,” डिम्प्ना म्हणाली. वाक्य आपोआपच बाहेर पडले.

तो उठला, खुर्ची आवाज न करता मागे सारली आणि जिन्याकडे गेला.

पाण्याच्या दोन्ही पिशव्या घेऊन ती वर पोचली तेव्हा धाप लागली होती. दार उघडेच होते. तो ओव्हरकोट न काढता खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता.

“ये, डिम्प्ना. जिना तसाच आहे की गं. फक्त आपण म्हातारे झालो.”

“कोलमन! अरे, कळवायचं तरी. आडनाव काय लिहिलंस खाली?”

“बायकोचं. गिल्डे म्हटलं असतं तर तुम्ही खोली दिली नसती.”

डेलियाचा हा धाकटा भाऊ. ती गेली तेव्हा सतरा वर्षांचा. त्याच वसंतात बोट पकडून इंग्लंडला गेला, कॉव्हेंट्रीला रस्ते बांधले, आईला पुरायलासुद्धा एकाच दिवसापुरता आला. त्याने पिशवी घेतली आणि पोटाशी धरली.

“पुतणीनं फोनवर दाखवलं,” तो म्हणाला. “कोणीतरी तुझी गोष्ट चित्रित करून टाकलीये. बोलतेस छान. मी तीनदा ऐकली. चौथ्यांदा ऐकवेना.”

“कोलमन, मी...”

“थांब. मला आधी बोलू दे, नाहीतर राहून जाईल. चव्वेचाळीस वर्षं राहिलंय. त्या रात्री डॉक्टर जाताना म्हणाले होते, वारा लागू देऊ नको तिला. मी खिडकी ओढून घट्ट लावली, फटीत माझा मफलर कोंबला. चार वाजता ती गेली. आणि मी बसून राहिलो. डोकंच चालेना. रीत माहीत होती गं, शेंबड्या पोरालाही माहीत असते. पण मला वाटलं, उघडली तर तिला थंडी वाजेल. सहाला गावातल्या बायका तिला बघायला जिना चढताना ऐकल्या तेव्हा धडपडत उठलो, मफलर ओढला, उघडली. त्या आत आल्या, म्हणाल्या, शहाणा आहेस रे, वेळेवर उघडलीस. मी मान डोलावली. आजवर कोणाला सांगितलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, पाद्र्यालासुद्धा नाही.”

वजन टकटकले. दोघांनीही खिडकीकडे पाहिले.

डिम्प्ना पलंगाच्या कडेवर बसली. पाहुण्यांच्या पलंगावर ती आयुष्यात प्रथमच बसत होती.

“ऐक,” ती म्हणाली. “ती गोष्ट खोटी आहे. मी बनवली. एका बाईला कॉफी वाढता वाढता बनवली. आणि हा आवाज आहे ना, तो चौकटीतल्या लोखंडाचा आहे. उद्या फळी काढून दाखवते. पश्चिमेचा वारा असला की वाजतं, नसला की नाही वाजत.”

तो तिच्याकडे बघून हसला. लहान पोर काही बोलले की मोठी माणसे हसतात तसे.

“आणि खिडकीचं?”

“तेही बनवलेलं. भूत राहायला काहीतरी कारण नको का?”

“डिम्प्ना, खिडकी बंद होती. हे जगात एका माणसाला माहीत होतं, मला. बायका आल्या तेव्हा उघडी होती, तू आलीस तेव्हा उघडी होती. बंद होती हे तुला कोण सांगणार? तिच्याशिवाय कोण सांगणार?”

“कोणीच नाही सांगितलं! सुचलं मला. असं सुचतं माणसाला.”

“तू पहिल्यापासूनच मायाळू,” तो म्हणाला. “माझा जीव हलका व्हावा म्हणून इतक्या वर्षांची गोष्ट मोडायला निघालीस. नको. चारला मी खिडकी उघडणार आहे. दोन तास बसेन, मग लावून घेईन. तेवढ्यासाठीच आलोय.”

तिने आणखी दोनदा सांगून पाहिले. परमेश्वराची शपथ घेतली. पण त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते की शपथही त्याने मायेच्याच खात्यात टाकली आहे. एकतीस वर्षे या बाईने जे खोटे सांगितले ते लोकांनी डोळे विस्फारून ऐकले होते. आज ती खरे सांगत होती आणि ऐकणारा तिची समजूत काढत होता.

आणखी एक गोष्ट होती. ती दारापर्यंत जाईतो तिच्या ओठांवर होती. त्या रात्री डेलियाजवळ बसायचे वचन डिम्प्नाने दिले होते. मालक लंडनला होते, स्वयंपाकीण घरी गेली होती. आठ वाजता ती म्हणाली, कोलमन, तू बस थोडा, मी खालचं आवरून येते. आणि मागच्या दाराने बाहेर पडून एका पोराच्या मोटारसायकलवर बसून तिठ्यावरच्या नाचाला गेली. परतली ती उजाडताना, बायका आल्यानंतर. तो पोरगा नंतर कुठे गेला तेही तिला आता आठवत नव्हते.

“रात्री काही लागलं तर फोन कर,” ती म्हणाली आणि खाली आली.

सकाळी सातला तो स्वयंपाकघरात आला तेव्हा ओठ निळे पडले होते. डिम्प्नाने त्याला शेगडीला टेकूनच बसवले, खांद्यावर घोंगडी टाकली, चहात तीन चमचे साखर घातली.

“मूर्खा, फेब्रुवारीत दोन तास उघड्या खिडकीत? तुला पुरायला पुतणी येणारे का कॉव्हेंट्रीहून?”

“गेली गं,” तो म्हणाला. कप दोन्ही हातांत धरला होता. “साडेचारपर्यंत वाजत होतं. मग थांबलं. एकदम थांबलं. खिडकी लावली तरी पुन्हा वाजलं नाही.”

साडेचारला वारा पडला होता. फाटकाजवळच्या आपल्या खोलीत डिम्प्ना जागीच होती, तिला तो पडलेला कळला होता. तिने त्याच्यापुढे उकडलेले अंडे ठेवले आणि पावाला लोणी लावायला घेतले.

“चांगलं झालं,” ती म्हणाली.

तो मनापासून खात होता. तिला आठवले, पोर असताना तो मागच्या दाराशी यायचा आणि डेलिया त्याला कालची बटाट्याची भाकरी तव्यावर परतून द्यायची. तो असाच खायचा.

“तुझी आठवण काढत होती त्या रात्री,” तो मध्येच म्हणाला. “डिम्प्ना कुठाय, डिम्प्ना कुठाय. तापात सारखं तेच. मी म्हटलं, तुझ्यासाठी दूध गरम करायला खाली गेलीये. आत्ता येईल. मग जरा शांत व्हायची. पुन्हा विचारायची. शेवटपर्यंत मी दूधच गरम करत ठेवलं तुला.”

लोण्याची सुरी थांबली.

“आणि मी कुठं होते, हे...”

“मोटारसायकल ऐकली होती मी,” कोलमन म्हणाला. “त्या पोराचा सायलेन्सर फुटका होता.” त्याने पावाचा तुकडा अंड्यात बुडवला. “वीस वर्षांची होतीस. शनिवार होता. जाऊ दे.”

जाऊ दे म्हणणे त्याला सोपे गेले नसावे, कारण तुकडा त्याने अंड्यात तसाच बुडवून धरला होता. आईला त्याने हे सांगितले होते का, हे तिला विचारायचे होते. विचारले नाही. सांगितले नसणार. सांगितले असते तर म्हातारी नुसता बाक बदलून थांबली नसती.

नऊच्या बसपर्यंत ती त्याला सोडायला गेली. बॅग तिनेच उचलली. चढताना तो म्हणाला, “ती गोष्ट आता सांगू नकोस हं. ती आता नाहीये तिथं.” ती हो म्हणाली.

दुपारी तिने कॅथलला सांगितले की आजपासून मी गोष्ट सांगणार नाही.

“का हो? घसा बसला?”

“हो, बसला.”

“बरं, आठवडाभर मी चालवतो. ऐकून ऐकून पाठच झालीये मला.”

साडेसहाला ती स्वयंपाकघरात गाजरे सोलत होती. मधले दार उघडे होते. कॅथलचा आवाज तिच्याच जागी खाली येत होता, तिच्याच जागी थांबत होता. आजारी मुलगी, वरची खोली, ब्याऐंशी पायऱ्या. एका बाईने श्वास आत ओढला, नेमका तिथेच, जिथे एकतीस वर्षे कोणी ना कोणी ओढत आले होते. गोष्टीला तिची गरज नव्हती. कदाचित कधीच नव्हती.

“आणि त्या रात्री...” कॅथल अडखळला. “त्या रात्री... थांबा हं. डिम्प्ना! त्या रात्रीचं काय ते?”

ती एप्रनला हात पुसत दारात आली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“त्या रात्री तिचा भाऊ तिच्यापाशी बसला होता,” ती म्हणाली. “सतरा वर्षांचा. तिला वारा लागू नये म्हणून आपला मफलर त्यानं फटीत घातला होता. मी बसणार होते. मी नव्हते.”

शेकोटीतला एक ठोकळा खचला. पाहुणे पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. डिम्प्नाने टेबलावरचे रिकामे कप एकात एक घातले आणि ते घेऊन ती आत गेली.