एक तास दहा मिनिटं

धाकट्याचं एक पालुपद ठरलेलं होतं, ‘एक तास दहा मिनिटं, ताई. विमानात बसलो की उतरलोच.’ गेली दोन वर्षं वडिलांच्या प्रत्येक दुखण्यावर तो दूरच्या शहरातून हेच औषध पाठवत होता.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिथे केसभर चूक झाली तरी मालक फाडून खायचा. भावाच्या हिशेबात मात्र घर ते विमानतळ, तपासणीची रांग, सामानाचा पट्टा, टॅक्सी, यातलं काहीच नव्हतं. वडिलांच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया अकरा वाजता होती. चार महिने खेटे घालून तिने ती तारीख मिळवली होती. आदल्या दिवशी ये, असं तिने त्याला तीनदा बजावलं. त्याने ते हसण्यावारी नेलं. आठचं विमान, साडेनऊला बाबांच्या उशाशी हजर.

वडिलांसाठी त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. साडेदहाला त्यांना न्यायला आले, तेव्हा त्यांनी पलंगाचा कठडा घट्ट धरला. धाकट्याला पाहिल्याशिवाय आपण आत जाणार नाही, तो पोचलाच असेल, म्हणाले. ताईने समजावलं, हात जोडले, शेवटी रागावली. डॉक्टरांनी अर्धा तास वाट पाहिली आणि पुढच्या रुग्णाला आत घेतलं. आता महिन्याभराने. आणि महिना काढणं धोक्याचं, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

साडेअकरा वाजून गेल्यावर स्वारी उगवली, चाकांची बॅग ओढत.

“विमान अगदी वेळेवर होतं,” तो म्हणाला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काही बोलणार, तोच वडिलांनी तिलाच दटावलं. तो किती लांबून आलाय, दमलाय, त्याला आधी चहा आण.

लांबून! ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दोन बस बदलून रोज संध्याकाळी ती वडिलांकडे यायची, त्यांच्या गोळ्या, आंघोळ, जेवण उरकायची आणि तशीच परतायची. हे अंतर घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं.

“बाबा, मला तुमच्याकडे यायला दीड तास लागतो,” ती म्हणाली. “रोज.”

वडिलांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. त्यांच्या मनात खोट नव्हती, हेच तिला जास्त लागलं.

“तुझं काय,” ते म्हणाले. “तू तर इथंच असतेस.”

ताईने औषधांची पिशवी आणि तपासण्यांची जाडजूड फाइल धाकट्याच्या मांडीवर ठेवली. रात्रीची गोळी जेवणाआधी द्यायची, एवढं सांगितलं आणि ती बसस्टॉपकडे निघाली.